पार्क होमचा विमा महाग का? तुम्ही विचारलंत म्हणून

"घर निम्म्या किमतीत मिळतंय, मग विम्याचा हप्ता आत्ताच्या घरापेक्षा जास्त कसा?"

मी इंग्लंडमध्ये घरविम्याचं काम करते. मुलं आपापल्या मार्गाला लागली, जिने चढणं नकोसं झालं, की इथली निवृत्तीला टेकलेली मराठी मंडळी डॉर्सेट नाहीतर ससेक्सच्या किनाऱ्याकडे पार्क होम बघून येतात आणि मला हाच प्रश्न विचारतात. तर सविस्तर सांगते.

पार्क होम दिसतं टुमदार बंगलीसारखं, पण इथल्या कायद्याच्या लेखी ते कॅरॅव्हॅन आहे. 20 मीटर लांब आणि 6.8 मीटर रुंद असलं, आत दोन न्हाणीघरं असली, तरी कॅरॅव्हॅनच. लोखंडी चासीवर लाकडी सांगाडा, सगळं कारखान्यात तयार होतं, मोठं घर असेल तर दोन भागांत ट्रकवरून येतं आणि जागेवर जोडलं जातं. घर तुमचं, खालची जमीन साइटमालकाची. त्या जमिनीची पिच फी तुम्ही भरत राहायची.

विमा कंपनीचा फॉर्म विचारतो, भिंती कशाच्या, छप्पर कशाचं? वीट आणि कौलं असं उत्तर आलं की शेकडो वर्षांचा अनुभव पाठीशी असलेलं गणित सुरू होतं आणि ढीगभर कंपन्या भाव सांगायला तयार असतात. पार्क होमला भाव देणाऱ्या कंपन्या मोजक्याच. चढाओढ कमी, म्हणून हप्ता चढा. त्यात लाकडी सांगाड्याला आग लागली तर बहुधा सगळंच जातं. विटांच्या घरात स्वयंपाकघर जळतं, पण भिंती उभ्या राहतात, पाया राहतो. वाऱ्याचंही तसंच. फेब्रुवारी 2022 मधलं युनिस वादळ आठवा. दक्षिण किनाऱ्याजवळच्या आइल ऑफ वाइट बेटाच्या टोकाला ताशी 122 मैलांचा झोत नोंदला गेला होता. हलकं छप्पर आणि किनाऱ्यावरची उघडी जागा ही जोडी विमा कंपनीला परवडत नाही.

एक गोष्ट पार्क होमच्या बाजूची आहे, तीही सांगायला हवी. आग्नेय इंग्लंडच्या चिकणमातीवर उन्हाळा कोरडा गेला की जमीन आकसते, पाया खचतो, भिंतींना तडे जातात. साध्या घराच्या पॉलिसीत अशा क्लेमला पहिले 1,000 पौंड सहसा तुमच्या खिशातले. पार्क होमला असा खोल पायाच नाही. ज्या काँक्रीटच्या ओट्यावर ते उभं असतं, तो दुरुस्त ठेवणं 1983 च्या मोबाइल होम्स कायद्याने साइटमालकाकडे दिलंय.

मला खरी काळजी वाटते ती विम्याच्या रकमेची. हप्ता कमी व्हावा म्हणून लोक तीच खाली आणतात. पार्क होमची विक्रीची किंमत आणि ते पुन्हा उभं करण्याचा खर्च या दोन वेगळ्या रकमा आहेत. विक्रीच्या किमतीत समुद्राजवळची जागा धरलेली असते. आगीत ती जागा जळत नाही. उलट जुनं घर कमी किमतीत मिळालं, तरी नवं बसवायला नव्याचेच पैसे लागतात. शिवाय जळका सांगाडा हटवणं, नवं घर ट्रकने आणणं, बसवणं, पाणी-वीज-गॅस जोडणं, हे सगळं रकमेत धरावं लागतं. समजा, हे मिळून 1,30,000 पौंड होतात आणि तुम्ही विमा काढलात 65,000 चा. उद्या स्वयंपाकघरात 20,000 चं नुकसान झालं, तर पॉलिसीत सरासरीचं कलम असल्यास हातात 10,000 येतील. निम्मा विमा, निम्मी भरपाई, नुकसान कितीही लहान असो. एवढं गमावून वर्षाला वाचले किती, तर हप्त्यातले थोडे पौंड. विटांच्या घराच्या पुनर्बांधणीचा खर्च काढायला बांधकामाच्या खर्चाची आकडेवारी ठेवणाऱ्या बीसीआयएस या संस्थेचं कॅल्क्युलेटर आहे, पण पार्क होमला ते लागू पडत नाही. तुमच्या मॉडेलची आजची किंमत आणि बसवण्याचा खर्च कारखान्याला विचारा आणि लेखी घ्या.

दुसरी काळजी हिवाळ्याची, आणि ती आपल्या लोकांना जास्त लागू आहे. डिसेंबर उजाडला की काका-काकू पुण्याला निघतात ते होळी करूनच परततात. इकडे घर बंद. पार्क होमचे पाण्याचे पाइप जमिनीखालून येतात, पण घरात शिरण्याआधी फरशीखालच्या मोकळ्या जागेतून जातात. ही जागा झाकायला घराभोवती विटांची बुटकी भिंत असते, तिला झालर म्हणतात; तिच्यातली हवेची एखादी जाळी काढून टॉर्च मारून बघा. पाइपावर फोमचं वेष्टण असतं, पण वळणावर किंवा व्हॉल्व्हपाशी हातभर पाइप उघडा दिसतो. गोठतं तिथेच. बर्फ वितळला की फुटक्या पाइपातून पाणी वाहत राहतं आणि घरी कोणी नसतं. म्हणून पॉलिसीत अट असते की घर ठरावीक दिवसांपेक्षा जास्त रिकामं राहणार असेल तर पाणी मुख्य नळावर बंद करून पाइप रिकामे करायचे, नाहीतर हीटिंग सतत चालू ठेवायचं. किती दिवस, किती तापमान, हे प्रत्येक पॉलिसीत वेगळं. तिकीट काढायच्या आधी ते पान वाचा, आणि पाणी सोडून पाइप रिकामे केल्याची पावती प्लंबरकडून घ्या. आणि थंडी आत येते म्हणून झालरीतल्या जाळ्या कापडाने बुजवू नका. फरशीखाली हवा खेळली नाही तर लाकूड कुजतं आणि गळलेला गॅस साचतो.

मुलं प्रेमाने म्हणतात, "आई, मी ऑनलाइन करून टाकतो." मुलाला सांगा, साध्या घराच्या फॉर्मवर विटांचं घर लिहू नकोस. 2012 च्या ग्राहक विमा कायद्यानुसार निष्काळजीपणे चुकीचं उत्तर दिलं तरी कंपनी भरपाई त्या प्रमाणात कापू शकते. जाणूनबुजून दिलं तर पॉलिसीच रद्द करू शकते. तसंच साइटचा परवाना बाराही महिने राहण्याचा आहे की फक्त सुट्टीपुरता, हे स्वतः तपासा. सुट्टीच्या साइटवरच्या घराची पॉलिसी कायम राहणाऱ्याच्या कामाची नाही.

साध्या घराला कर्ज देणारी बँक इमारतीच्या विम्याशिवाय पुढे सरकत नाही. पार्क होमला नेहमीचं गृहकर्ज मिळत नाही, बहुतेक जण रोखीने घेतात, त्यामुळे विमा काढा म्हणून मागे लागणारं कोणी नसतं. साइटच्या करारात कधी अट असते, कधी नसते. मी मात्र हट्टाने मागे लागते, कारण घर विकून आलेला सगळा पैसा या एका लाकडी सांगाड्यात असतो, आणि सत्तरीत तो पुन्हा कमावता येत नाही.

तेव्हा घर पसंत पडलं तरी बयाणा देण्याआधी तीन कामं करा. पिनकोड टाकून एन्व्हायर्न्मेंट एजन्सीच्या नकाशावर पुराचा धोका बघा. नकाशा फुकट आहे. शेजारच्या घरापासूनचं अंतर मोजा. सरकारी आदर्श नियमांत ते 6 मीटर आहे, आग पसरू नये म्हणून. मग घराचं वय आणि बांधणीचं मानक, म्हणजे कायम राहायच्या पार्क होमसाठीच्या बीएस 3632 या ब्रिटिश मानकाची कुठली आवृत्ती ते, विक्रेत्याकडून लिहून घ्या आणि निदान दोन कंपन्यांकडून त्याच पत्त्याचा भाव मागवा. कोणीच भाव द्यायला तयार नसेल, तर ते घर घेऊ नका.