दोन जलगंधांमधून एक निवडताना

ऑक्टोबरच्या उकाड्यात ठाण्याहून सीएसएमटीपर्यंतच्या लोकलच्या प्रवासात साजेल आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला जड वाटणार नाही, असा सुगंध मी शोधत होतो. अखेर दोन नावे उरली: दाविदॉफचे ‘कूल वॉटर’ आणि अरमानीचे ‘अक्वा दि जिओ’.

नावात दोघांच्याही पाणी असले, तरी त्यांचा गारवा वेगवेगळ्या वाटांनी येतो. पिएर बुर्दों यांनी १९८८ साली घडवलेल्या ‘कूल वॉटर’मध्ये तो पुदिना, लॅव्हेंडर आणि डायहायड्रोमिर्सेनॉल या रसायनातून येतो, ज्याचा वास लिंबाच्या सालीसारखा आणि नुकत्याच धुतलेल्या कपड्यांसारखा स्वच्छ असतो. १९९६ च्या ‘अक्वा दि जिओ’मध्ये मात्र कॅलोनची खारट, किंचित कलिंगडासारखी झुळूक आहे, १९६६ मध्ये फायझरच्या संशोधकांच्या हाती लागलेल्या या रेणूवर सागरी सुगंधांची अख्खी पिढी उभी राहिली. माझे आजोळ अलिबागचे असल्यामुळे समुद्राचा खरा वास म्हणजे सुकत घातलेली मासळी, ओली वाळू आणि दोरखंड हे मला ठाऊक आहे. बाटलीतला समुद्र ही त्यातली केवळ वाऱ्याची बाजू असते.

दुकानात कागदाच्या पट्टीवर ‘कूल वॉटर’ मला लगेच आवडले आणि मी तेच घेणार होतो. पण पट्टीवरचा पहिला दरवळ काही मिनिटांचाच असतो, शिवाय चार-पाच वास एकामागून एक घेतले की नाक थकते आणि फरक कळेनासा होतो. म्हणून मी दोन्हींच्या लहान कुप्या मिळवल्या आणि एका दिवशी एकच, दोन फवारे, तेही आंघोळीनंतर कोरड्या अंगावर, असा क्रम दोन आठवडे पाळला. दोन मनगटांवर दोन वास लावून तुलना करण्याचा मोह टाळावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण तासाभरात ते एकमेकांत मिसळतात.

दमट हवेत सुरुवातीचे हलके घटक भराभर उडून गेले आणि खरा फरक दुपारनंतर कळू लागला. ‘कूल वॉटर’च्या तळाशी माझ्या त्वचेवर देवदार आणि तंबाखूची कोरडी छटा उरत असे, जी मला आजही सुंदर वाटते. ‘अक्वा दि जिओ’ मात्र मोगऱ्याच्या कुळातल्या जाईसारख्या फुलांवरून हळूहळू पॅचुलीवर येऊन थांबे. पॅचुली म्हणजे आपली पाच. आजी अबोलीच्या वेणीत दवण्याबरोबर पाचेची पाने गुंफत असे, आणि संध्याकाळी परतीच्या गाडीत शर्टाच्या बाहीवर तोच हिरवा, मातकट वास मला तिसऱ्या दिवशी ओळखू आला.

किंमत बरीच जास्त असूनही मी ‘अक्वा दि जिओ’ची पन्नास मिलीलिटरची बाटली घेतली. ‘कूल वॉटर’ची कुपी अजून कपाटात आहे आणि थंडीतल्या कोरड्या सकाळी मी ती आवर्जून वापरतो.