सर्व्हे-ऑफ झालेले दोन डंपर खोलताना: माझा अनुभव

मी कुर्ल्याला राहतो आणि तळोज्याच्या गाळ्यात भागीदाराबरोबर दगडखाणींची यंत्रे दुरुस्त करतो. ठाणे-पनवेल पट्ट्यातल्या खाणींत ३५ टन माल वाहणारे डंपर अजूनही आहेत. त्यांच्या मागच्या अ‍ॅक्सलमधला एखादा गिअर गेला, की नवा भाग येईपर्यंत डंपर उभा राहतो आणि त्याच्यामागे क्रशरही (दगड फोडून खडी करणारे यंत्र) थांबतो. कोळसा खाणी असेच डंपर मुदत संपल्यावर सर्व्हे-ऑफ करून, म्हणजे वापरातून बाद ठरवून, लिलावात काढतात, आणि त्यांतले बहुतेक भंगाराच्या भावाने वितळायला जातात. त्यांत अजून दहा वर्षे चालतील असे भाग असतात, हे माहीत असल्यामुळे मला ते बघवत नसे. शेवटी आम्ही विदर्भातल्या एका खाणीचे दोन डंपर घ्यायचे ठरवले.

लिलाव एमएसटीसी या केंद्र सरकारच्या कंपनीच्या संकेतस्थळावर होतो. पॅन, जीएसटी आणि बँकेची कागदपत्रे देऊन नोंदणी करणे आणि अनामत भरणे हे काम किचकट असले तरी सरळ आहे. खरा प्रश्न ‘जसे आहे, जेथे आहे’ या अटीचा असतो. यंत्र हातात आल्यावर आत काय निघाले याबद्दल कोणाकडे दाद मागता येत नाही, त्यामुळे बोलीआधीच्या पाहणीवरच सगळा व्यवहार उभा असतो.

पाहणीला आमचे मिस्त्रीकाका सोबत होते. त्यांनी इंजिनाकडे न बघता आधी मागच्या चाकांच्या फायनल ड्राइव्हचे (चाकाजवळच्या शेवटच्या गिअरसंचाचे) चुंबकी प्लग उघडायची परवानगी मागितली. हे प्लग तेलातले लोखंडी कण धरून ठेवतात. प्लगवर राखाडी, मऊ पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज असते. बोटाला टोचणारे तुकडे लागले, तर आतल्या गिअरचे दात तुटत आहेत असे समजावे. त्यानंतर त्यांनी सस्पेन्शनच्या बैठकीजवळ आणि बॉडीच्या बिजागरीच्या पिनेजवळ फ्रेम घासून तडे शोधले. धुळीच्या थरातून गंजाची सरळ, बारीक रेघ दिसली, की तिथे तडा असण्याचा संभव मोठा. पहिल्या डंपरची फ्रेम निर्दोष होती. दुसऱ्याच्या इंजिनाचे बरेच भाग खाणीनेच इतर डंपरांसाठी काढून घेतले होते, पण त्याचा अ‍ॅक्सल आणि होइस्टचे (बॉडी उचलणारे) सिलिंडर पूर्ण होते. दोन्ही इंजिने कमिन्सची, १९ लिटरची, सहा सिलिंडरची होती. या इंजिनाला प्रत्येक सिलिंडरचे हेड (वरचे झाकण) वेगळे असते, त्यामुळे अर्धवट इंजिनातूनही चांगली हेडे सुटी मिळतात. इंजिनाच्या पट्टीवरचे अनुक्रमांक आणि सीपीएल क्रमांक (इंजिनात कोणत्या भागांचा संच आहे ते सांगणारा) मी तिथेच उतरवून घेतले, कारण त्या क्रमांकांशिवाय पुढे कोणता पिस्टन किंवा इंजेक्टर कोणाला बसेल हे खात्रीने सांगता येत नाही.

बोली ठरवताना सगळे भाग निकामी निघाले तर लोखंडाच्या वजनाचे किती येतील हा आकडा आम्ही तळाशी धरला, त्यातून कर, क्रेन आणि वाहतूक वजा केली आणि प्लगवरून खात्री झालेल्या भागांचीच किंमत वर धरली. लिलाव आमच्या मर्यादेत सुटला.

खाणीच्या आवारात काम करताना हेल्मेट, बूट आणि गेटपास लागतो. गॅस कटिंगची परवानगी वेगळी घ्यावी लागते. या टप्प्याबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण याच कामात माणसे दगावू शकतात. आमच्या हेल्परने विचारले, “काका, आधी चाकं सोडवायची का?” काका म्हणाले, “आधी हवा सोड. दोन्ही टायरांची. नटाला हात नंतर.” मागे जोडचाके असतात आणि रिम अनेक तुकड्यांची असते. टायरमध्ये दाब असताना नट ढिले केले, तर रिमचे तुकडे जागी धरणारी लॉक रिंग तोफेच्या गोळ्यासारखी सुटते. म्हणून आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही टायरांचे व्हॉल्व्ह काढून हवा पूर्ण गेल्याची खात्री केली. हवा भरलेल्या चाकाजवळ गॅसची ज्योत नेणे तितकेच घातक आहे, कारण रिम तापली की आतले रबर विघटन पावून वायू बनतो आणि टायर फुटतो.

सस्पेन्शनच्या सिलिंडरांत तेलावर नायट्रोजन दाबून भरलेला असतो. तो सावकाश सोडून रॉड पूर्ण खाली बसल्याशिवाय एकही बोल्ट काढला नाही. ब्रेकच्या अ‍ॅक्युम्युलेटरचा (दाब साठवून ठेवणाऱ्या टाकीचा) दाबही आधी उतरवला. उचललेल्या बॉडीला सुरक्षा पिन घालूनच तिच्याखाली माणूस गेला. डिझेलची टाकी कटरने कापायची नाही, बोल्ट खोलूनच काढायची, असे आम्ही सगळ्यांना बजावले होते.

या डंपरचे रिकामे वजन सुमारे २७ टन आणि रुंदी साडेतीन मीटरहून अधिक असते, तर रस्त्यावरच्या वाहनाच्या रुंदीची मर्यादा २.६ मीटर आहे. त्यामुळे पहिला डंपर बॉडी उतरवून, मोठ्या मापाच्या मालाची परवानगी काढून लो-बेडवर (बुटक्या ट्रेलरवर) आणला. दुसरा जागेवरच खोलून साध्या ट्रकांतून आला.

तळोज्याला प्रत्येक भाग धुऊन त्यावर डंपरचा आणि बाजूचा क्रमांक रंगवला. डावा आणि उजवा फायनल ड्राइव्ह एकत्र मिसळू दिला नाही, कारण एकमेकांत घासून बसलेले सन (मधला) आणि प्लॅनेट (त्याभोवतीचे) गिअर वेगळ्या जोडीदाराबरोबर लवकर आवाज करू लागतात. स्पिंडल आणि गिअर डाय (तडे दाखवणारा रंग) लावून तपासले. बेअरिंग आणि ऑइल सील मात्र जुने ठेवलेच नाहीत. मापे घेऊन मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटवरून नवे आणले. जळके तेल घातक कचऱ्याच्या २०१६च्या नियमांखाली येते, म्हणून ते आणि बॅटऱ्या अधिकृत प्रक्रियाकारांनाच देऊन पावत्या ठेवल्या. हे करायला वेळ लागतो, पण नाल्यात तेल ओतणाऱ्याच्या शेजारी बसून धंदा करण्याची माझी तयारी नाही.

दुसऱ्या डंपरच्या बॉडीचा पत्रा झिजेला टिकणाऱ्या कडक पोलादाचा आहे. त्याचे तुकडे क्रशरच्या हॉपरला अस्तर म्हणून गेले. वेल्डिंगपूर्वी पत्रा गरम करणे आणि ७०१८ जातीचे इलेक्ट्रोड (वेल्डिंगच्या कांड्या) ओव्हनमध्ये सुकवणे टाळले, तर जोडाशेजारी तडा जातो, हे घेणाऱ्यांना आम्ही लेखी दिले. कापलेली फ्रेम तेवढी मुंबईतल्या दारूखान्याच्या भंगार बाजाराला वजनावर गेली.

पहिल्या डंपरचा आम्ही पाण्याचा टँकर केला. खाणीत धूळ दाबायला त्याचा फार उपयोग होतो. टाकी २८ हजार लिटरची ठेवली, कारण २८ टन पाणी आणि टाकीचे वजन मिळून ३५ टनांच्या आत राहावे लागते. आत पाणी अडवणारे आडवे आणि उभे पडदे बसवले. ते नसतील तर वळणावर पाणी एका बाजूला धावते आणि डंपर कलंडू शकतो. ब्रेकची चाचणी आधी रिकामी, मग अर्ध्या पाण्यावर, मग पूर्ण भरून उतारावर घेतली. घेणाऱ्या खाणमालकाकडून हा टँकर आवाराबाहेर रस्त्यावर आणणार नाही, असे लिहून घेतले आणि मगच किल्ली दिली. ट्रान्समिशन अजून गाळ्यात आहे. टेस्ट बेंचवर त्याचा क्लच दाब पुरेसा आला, तरच ते विकायला काढणार आहोत.