तुम्ही विचारलंत म्हणून: हो, मला ब्लिट्झच हवा होता

गणपतीच्या आरतीनंतर, कुणाच्या डोहाळजेवणात, एडिसनच्या किराणा दुकानात पनीर निवडताना मला एकच प्रश्न येतो. "तुम्ही जेट्सवाल्या ना? मग ते तेरा सेकंद? तुम्ही असतात तर ब्लिट्झ पाठवला असतात का?" जेट्स म्हणजे न्यूयॉर्कचा अमेरिकन फुटबॉल संघ, तेरा सेकंद म्हणजे 2020 मधल्या त्यांच्या एका सामन्याचे शेवटचे, आणि ब्लिट्झ म्हणजे मागे राखणीला असलेली माणसंही चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या अंगावर सोडणं. विचारणारा आधीच हसत असतो. उत्तर त्याने धरलेलंच असतं: छे, कोण वेडा पाठवेल! इतकी वर्षं मीही तेच म्हणत आले. तेव्हाच्या बचाव-प्रशिक्षकाचं, ग्रेग विल्यम्सचं, डोकं फिरलं होतं म्हणायचं, पनीर टोपलीत टाकायचं आणि पुढे सरकायचं.

खोटं बोलत होते. आता कंटाळा आला त्याचा.

मी न्यू जर्सीत आले 2009 साली, आणि प्रशिक्षक रेक्स रायनही जेट्सकडे त्याच वर्षी आला. फुटबॉल मला त्याच्याच बचावाने शिकवला. स्नॅपच्या, म्हणजे चेंडू खेळात येण्याच्या, आधी सहा-सात जण रेषेवर उभे, कोण धावून येणार आणि कोण मागे सरकणार याचा पत्ता नाही. मी शाळेत डाव्या कोपऱ्याला कबड्डी खेळलेली. सगळी साखळी श्वास रोखून उभी आहे आणि चढाई करणाऱ्याला कळत नाहीये की झडप कुठून येणार, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यात रेक्स म्हणजे बडी रायनचा मुलगा. बडी 1968 च्या जेट्समध्ये प्रशिक्षक होता. क्वार्टरबॅक जो नेमथला मार लागू नये म्हणून आपलाच संघ किती आटापिटा करतो हे त्याने रोज पाहिलं आणि उलटा धडा घेतला: ज्याला एवढं जपतात त्यालाच झोडायचं. त्यातूनच पुढे शिकागोचा तो 1985 चा बचाव झाला. माझ्या दृष्टीने हे घराणंच होतं, आणि मी त्याची गंडाबंध शागीर्द.

मधल्या वर्षांत मी पाहुण्यांना ऐकवायचे, जानेवारी 2011 मध्ये आम्ही पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी याला त्याच्या घरात 28-21 हरवलं ना, ते ब्लिट्झवर. सहाच आठवडे आधी तिथेच 45-3 असा मार खाल्ला होता, म्हणून त्या विजयाची चव काही औरच. मध्यंतरी तो सामना परत पाहिला आणि ओशाळले. रेक्सने बहुतेक वेळा उलटंच केलं होतं. पुढे थोडी माणसं पाठवली, बाकीची मागे पेरून ठेवली. ब्रेडी चेंडू हातात धरून बघत राहिला, कुणीच मोकळं सापडेना, मग लोक पोचले. पाच वेळा आडवा झाला तो. माझ्या डोक्यात मात्र नऊ वर्षं ब्लिट्झच चालू होता. आणि मागच्या वर्षांतले खरे ब्लिट्झ चालले ते कुणामुळे? एका बाजूचा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, आमचा रेव्हिस एकटा गिळायचा म्हणून. पुढे पाठवलेल्या प्रत्येक माणसामागे एक जागा उघडी पडते, आणि ती कोण भरणार हे आधी ठरवावं लागतं. तेव्हा भरायला रेव्हिस होता. मी हिशोबाला धाडस समजत होते.

बरं, ते तेरा सेकंद.

6 डिसेंबर 2020. कोविडमुळे मेटलाइफ स्टेडियम रिकामं, टीव्हीवर गर्दीचा आवाज वरून सोडलेला. जेट्स अकरापैकी अकरा हरलेले. माझा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा. त्याचं ठाम मत होतं की हरलेलंच बरं, म्हणजे ड्राफ्टमध्ये, जिथे सगळ्यात जास्त हरलेला संघ नवे खेळाडू आधी निवडतो, कॉलेजचा क्वार्टरबॅक ट्रेव्हर लॉरेन्स मिळेल. मी त्याला रागावले. हरण्यासाठी कोणी खेळत नाही, असं काहीतरी आईछाप बोलले. आणि त्या दिवशी आम्ही चक्क पुढे होतो, 28-24. समोरच्या रेडर्सचा चेंडू आमच्या 46 यार्डांवर, घड्याळात तेरा सेकंद. चारने पुढे, म्हणजे तीन गुणांचा फील्ड गोल त्यांच्या उपयोगाचा नाही. त्यांना सहा गुणांचा टचडाउनच हवा. तिघांना खोल मागे उभं करा, छोटा पास खुशाल घेऊ द्या, घड्याळ आपोआप संपेल. हे माझ्या अकरा वर्षांच्या पोरालाही कळत होतं.

मग सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचे राखणदार, पुढे सरकायला लागले. मला दिसलं. समालोचकाच्या आधी दिसलं, कारण हेच बघायची सवय. झीरो. मागे कुणीही नाही, प्रत्येक कॉर्नर, म्हणजे कडेचा राखणदार, आपापल्या माणसाबरोबर एकटा.

तुम्हाला वाटतं त्या क्षणी मी डोक्याला हात लावला. नाही. मी सोफ्यावरून उठले आणि ओरडले, "जा! जा! घ्या त्याला!"

तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. मला तो ब्लिट्झ हवा होता. अकरा पराभवांनंतर मागे उभं राहून वाट बघणं मला सहन होत नव्हतं. काहीतरी आपण करावं, त्याने करायच्या आत. त्यांचा क्वार्टरबॅक डेरेक कार मागे सरला, त्याच्या अंगावर माणसं धावली, आणि दीड-दोन सेकंद मला खरंच वाटलं की धरला. उजवीकडे काय चाललंय तिकडे मी बघतही नव्हते. तिथे त्यांचा रिसीव्हर हेन्री रग्ज होता, 40 यार्ड 4.27 सेकंदांत पळणारा, पहिल्या फेरीत निवडलेला. त्याच्यासमोर ड्राफ्टमध्ये कुणीच न घेतलेला नवखा कॉर्नर लमार जॅक्सन, तो बाल्टिमोरचा प्रसिद्ध क्वार्टरबॅक नव्हे, नावाचाच. रग्जने एकदा वळल्याचं दाखवलं, पोरगं फसलं, आणि रग्ज सुटला. 46 यार्डांचा पास. घड्याळात पाच सेकंद. 31-28.

(बडीच्या त्या बचावाचं नावही '46' होतं, डग प्लँकच्या जर्सीवरून. असले योगायोग मला रात्री दोन वाजता सुचतात.)

मुलगा ओरडला नाही, लॉरेन्स मिळणार म्हणून नाचलाही नाही. म्हणाला, "आई, मागे कोणीच नव्हतं."

आणि मी अर्ध्या मिनिटाच्या आत म्हणाले, "मूर्ख आहे तो कोच. आत्ता कोणी ब्लिट्झ करतं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. बोलला काही नाही. माझं ओरडणं त्याने ऐकलं होतं, आणि त्याने ऐकलंय हे मला माहीत होतं. सोमवारी विल्यम्सला काढून टाकलं. माझ्यावर कसलीच कारवाई झाली नाही.

आता थोडी बाजू मांडू द्या, कारण तुम्ही पनीरपाशी ती कधी ऐकून घेत नाही. बरोबर तीन आठवडे आधी बफेलो चार गुणांनी पुढे होतं, काही सेकंद उरले होते, आणि चेंडू त्यांच्या 43 यार्डांवर. त्यांनी शहाण्यासारखी माणसं मागे ठेवली. कायलर मरीने चेंडू वर भिरकावला, हॉपकिन्सने तिघांच्या मधून तो काढला, आणि ॲरिझोना जिंकलं. तिथे कुणाचं डोकं फिरलं होतं? 2008 च्या सुपर बोलमध्ये शेवटच्या मिनिटात प्रशिक्षक बेलिचिकच्या पेट्रियट्सनीही ब्लिट्झ पाठवला, कोपऱ्यात जायंट्सच्या बरेसला एकट्या हॉब्जवर सोडलं, आणि 18-0 चा संघ 17-14 ने हरला. बेलिचिकला कुणी वेडा म्हणत नाही.

पण हे मांडताना माझाच आवाज चढतो, म्हणजे कुठेतरी गळतंय. हॉपकिन्सला तिघांच्या वर उडी मारावी लागली. रग्जला नुसतं पळावं लागलं. आमच्याच सेफ्टीने, मार्कस मेने, सामन्यानंतर त्या कॉलबद्दल नाराजी बोलून दाखवली. प्रत्यक्ष धावलेल्या माणसाचं म्हणणं सोफ्यावरच्या बाईने खोडू नये.

सांगलीहून भावाचा फोन आला होता त्या आठवड्यात. त्याला फुटबॉलचं काही घेणंदेणं नाही, मीच सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "ताई, शेवटची चढाई, आपण एका गुणाने पुढे. तिला हात लावतं का कोणी? लांब उभं राहायचं, रिकामी जाऊ द्यायची."

बरोबर. फक्त आमच्या आंतरशालेय फायनलला मी नेमका हातच लावला होता. घोटा धरला, आणि धरला तो सोडला नाही. जिंकलो. मला खांद्यावर घेतलं. सर तेवढे गप्प होते, नंतर बाजूला घेऊन म्हणाले, "सुटली असती तर?" मी हसले होते. पकड फसली असती तर मी आज बरी, सावध प्रेक्षक झाले असते असं भावाला वाटतं. मला तसं वाटत नाही. मला वाटतं मी पुढच्या वेळी आणखी जोरात गेले असते.

लॉरेन्सही मिळाला नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. दोन आठवड्यांनी आम्ही रॅम्सना हरवलं, मग ब्राउन्सना. पहिला नंबर जॅक्सनव्हिलकडे गेला. मुलगा दोन दिवस जेवताना बोलला नाही.

आता त्याला मिसरूड फुटलीय. अजून एकत्र बघतो. शेवटच्या मिनिटाला सेफ्टी पुढे सरकले की तो टीव्हीकडे बघत नाही, माझ्याकडे बघतो. मी तोंडावर उशी धरून बसते. गेल्या मोसमात एकदा तो म्हणाला, "आई, उशी ठेव. पण तू उभी आहेस."