डोमखेडीच्या काठावर 'नर्मदा डायरी'

शहाद्याहून धडगावची एसटी घाट चढू लागली की आधी मोबाइलची रेंज जाते, मग गप्पा सुरू होतात. शेजारच्या बाबांनी विचारलं, "सर्व्हेवाले का?" म्हटलं, नाही, नदी बघायला आलोय. त्यांना काही ते पटलं नाही.

खरं निमित्त माहितीपटकार आनंद पटवर्धनांचं. त्यांनी सीमंतिनी धुरूंबरोबर केलेला, सरदार सरोवर धरणाविरुद्धच्या लढ्यावरचा 'अ नर्मदा डायरी' (१९९५) पाहिल्यापासून हा काठ डोक्यात होता. पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर 'जंग और अमन' काढणारे आणि सेन्सॉरशी भांडून २००३ मध्ये तो उच्च न्यायालयातून एकही कट न लागता सोडवून आणणारे ते हेच. मला मात्र ते जास्त भावतात ते 'हमारा शहर'मधल्या झोपडीवाल्यांसोबत किंवा इथल्या आदिवासींसोबत असतात तेव्हा. साहेबांना साधेच प्रश्न विचारायचे आणि उत्तर पूर्ण होऊ द्यायचं. साहेब आपसूक उघडे पडतात.

धडगावहून जीप, पुढे बोट. मला मणिबेली गाठायची होती, पण ती पार धरणाजवळ. "तेवढं डिझेल नाही परवडत," म्हणत बोटवाल्या दादांनी डोमखेडीकडे वळवलं. पाणी हिरवट, साचलेलं. वाळलेल्या झाडांचे शेंडे वर आलेले, त्यांना चुकवत दादा बोट काढत होते. "हे महू आमचं. खाली खळं होतं." महाराष्ट्रातली ३३ गावं सरदार सरोवराच्या बुडितात आली. पाणी १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीला पोहोचलं ते २०१९ मध्ये, म्हणजे फिल्मनंतर चोवीस वर्षांनी. गावं एका फटक्यात बुडत नाहीत. दर पावसाळ्यात थोडं शेत जातं, घर आणखी वर न्यावं लागतं.

काठावरच्या पाड्यात कोरा चहा झाला. फिल्म मोबाइलमध्ये होतीच, ती लावली. धरणाचा नफातोटा, पुनर्वसन, कुणाचं तिकडे लक्षच नाही. "थांबव, थांबव," करत एका आजींनी पडद्यावर बोट ठेवलं, "हा माझ्या मावशीचा पोरगा." मग चित्र मागे घे, पुढे घे. एका मोर्च्यात बैल दिसले, तर ते कुणाचे यावरून दोघांची जुंपली. मी पटवर्धनांबद्दल सांगायला गेलो, तर आजींनी हातानेच गप्प केलं. तासाभराच्या फिल्मची दहा मिनिटंही पुढे सरकली नव्हती, तोवर दादांनी खालून हाक मारली. अंधारात ते शेंडे दिसत नाहीत. आजी म्हणाल्या, "तू जा, मोबाइल राहू दे."