पहाटे साडेचारचं पाणी

सकाळी सहाला फोन आला. "नाल्यानं काळं पाणी आलं, तलावात मासे मरताहेत, निघा." नवरात्र नुकतं बसलं होतं, त्या आठवड्यात सुट्टी मिळेल असं घरी सांगून ठेवलं होतं. बर्फाची पेटी, बाटल्या, मीटर, पाण्यातला ऑक्सिजन मोजायची विंकलरची रसायनं गाडीत टाकली आणि आम्ही दोघं नागपूरहून निघालो. मी एका खाजगी प्रयोगशाळेत नमुने घेण्याचं काम करते, अकरा वर्षं झाली. तहसील कार्यालयाने आम्हाला बोलावलं होतं. गावाचं आणि कारखान्याचं नाव लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातलं, धानाच्या बांध्यांमधलं गाव, एवढं पुरे.

नाल्याजवळ पोचायच्या आधीच वास आला. करपलेल्या गुळाचा, त्यात आंबलेलं काहीतरी. ज्यांनी मळीपासून अल्कोहोल काढणारा कारखाना जवळून पाहिला आहे त्यांना हा वास सांगावा लागत नाही. अल्कोहोल काढून घेतल्यावर जे गडद तपकिरी, आम्लधर्मी पाणी उरतं त्याला स्पेंटवॉश म्हणतात. एक लिटर अल्कोहोलमागे ते साधारण आठ ते पंधरा लिटर निघतं. त्याची बीओडी, म्हणजे ते कुजताना पाण्यातला किती ऑक्सिजन ओढून घेईल त्याचं माप, लिटरला चाळीस-पन्नास हजार मिलिग्रॅम असू शकते. घरगुती सांडपाण्याची दोन-तीनशे असते. म्हणून हे पाणी बाहेर सोडायचंच नाही, असा नियम आहे. इथे साठवण तळ्याची भिंत रात्री फुटली होती.

नाल्यातल्या दगडांवर पाणी चढल्याची काळी रेघ होती. पळसाच्या मुळांवर फेस अडकला होता. पीएच ४.३, म्हणजे चांगलंच आम्ल. डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, मोजण्यासाठी मी मीटरवर विसंबले नाही. इतक्या गढूळ, तेलकट पाण्यात मीटरचं पटल खराब होतं, आणि १८८८ सालची विंकलरची पद्धत अजूनही डोळ्यांनी पाहता येते. अर्थात इतक्या मळकट पाण्यात तिचा आकडाही मी जपूनच धरते, पण रंग तरी दिसतो. बाटली बुडबुडा न येता भरायची, मँगनीज सल्फेट घालायचं, मग अल्कली-आयोडाइड. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो. नाल्यातल्या बाटलीत साका पांढरा बसला. आधीच काळपट पाणी, त्यात पांढऱ्या दह्यासारखा गोळा. माझ्यासोबतचा मुलगा नवा होता, त्याने दुसरी बाटली भरली, तिसरी भरली. तिन्ही पांढऱ्या. "मॅडम, रसायन खराब झालं असेल," म्हणाला. मी त्याला जवळच्या हातपंपाचं पाणी भरून करायला सांगितलं. ते तपकिरी झालं. तेव्हा तो गप्प झाला.

नाला पुढे तलावाला मिळतो. हा मालगुजारीतला, म्हणजे जुन्या जमीनदारीतला तलाव आहे. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी पूर्व विदर्भात असे हजारो तलाव बांधले, १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. गावाला मात्र अजूनही तो गावाचाच वाटतो. पार, म्हणजे तलावाचा बांध, चढून वर गेले तेव्हा मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या संस्थेचे सगळे लोक तिथे उभे होते. रोहू, कटला, मृगळ पोट वर करून काठाला लागले होते. ऑगस्टमध्ये संस्थेने टाकलेलं मत्स्यबीज आता बोटभर झालं होतं, त्याचा तर पांढरा पट्टाच दिसत होता.

एका म्हाताऱ्या काकांनी मला काठावर बोलावलं. "इथं पाहा वो मॅडम." पाण्याच्या अगदी कडेला, ओल्या दगडांवर झिंगे चढून बसले होते. पाय हलवत, पण पाण्यात उतरत नव्हते. थोडं आत एक मरळ वर आली, तोंड उघडून हवा घेतली आणि खाली गेली.

"मरळ वरचा वारा घेते," काका म्हणाले. "वाघूर, शिंगूर, तेही घेतेत. रोहूले ते जमत नाई. पान्यातला दम गेला, मनून रोहू मेली अन् मरळ जित्ती हाये. दम वापस आला का झिंगे आपसूक खाली जातीन."

मरळीच्या गळ्याजवळ हवेतून श्वास घेण्याची वेगळी इंद्रियं असतात हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण विष आणि ऑक्सिजनची कमतरता यांतला फरक कोणता मासा मेला यावरून जागच्या जागी सांगता येतो, हे मला अकरा वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं. विषारी काही असतं तर मरळही गेली असती. मी ते नोंदवहीत लिहिलं, काकांचं म्हणणं म्हणून.

मग धानाचा प्रश्न आला. हलकं धान कापणीला आलं होतं, पण भारी धान नुकतंच निसवलं होतं, दाणा भरायचा होता. त्याला शेवटचं पाणी याच आठवड्यात हवं. शेतकरी विचारत होते, तुडूम, म्हणजे तलावातून पाणी सोडायचं दार, उघडू की नको? बीओडीचा निकाल यायला २७ अंशांवर तीन दिवस लागतात. धान तीन दिवस थांबेल, पण माणसं थांबत नाहीत, आणि त्यांचं चूक नाही. माझ्याजवळ त्या घडीला पीएच आणि विद्युतवाहकता (पाण्यात क्षार किती, याचा अंदाज) एवढीच दोन उत्तरं होती. सिंचनाच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत पीएच ६ ते ८.५ आणि वाहकता २२५० पर्यंत चालते. तुडुमाजवळ वरच्या पाण्याची वाहकता सहाशेच्या आसपास निघाली. लोकांचे चेहरे खुलले. मी दोरीला वजन बांधून खालून नमुना काढला. तळाला ती २६०० होती.

विरघळलेल्या क्षारांमुळे स्पेंटवॉश साध्या पाण्यापेक्षा जड असतो. तो नाल्यातून आला आणि तलावाच्या तळाने सरकत पारीपर्यंत पोचला. तुडूम उघडतं तेही तळाशीच. म्हणजे वरून स्वच्छ दिसणारा तलाव उघडला असता तर पहिलं पाणी बांध्यांत गेलं असतं ते सगळ्यात वाईट. तुडूम उघडू नका, म्हणून सांगितलं तेव्हा एक जण चिडून म्हणाला, "मॅडमले काय, धान आमचं चाल्लं." तो बरोबर होता. वाट त्यांच्यातल्याच एकाने काढली. डिझेल इंजिनाच्या फूटवॉल्व्हला रिकामा प्लास्टिकचा ड्रम बांधायचा, म्हणजे पाइपाचं तोंड वरच्या वर तरंगत राहील, आणि पारीवरून वरचं पाणी बांध्यांत घ्यायचं. गावात चार इंजिनं होती. दोन धानाला लागली. उरलेली दोन तलावातलं पाणी उचलून उंचावरून परत तलावातच पाडायला लावली, कारण पाणी हवेतून फवारत पडलं की ऑक्सिजन घेतं. कोणती दोन कुठे, यावर अर्धा तास भांडण झालं. डिझेल कारखान्याने द्यायचं, असं तहसीलदारांनी तिथेच लिहून घेतलं.

दुपारपर्यंत वरच्या अंगाला जेसीबीने नाल्यात मातीचे दोन बांध घातले आणि टँकरने काळं पाणी उपसून परत कारखान्याच्या तळ्यात न्यायला सुरुवात झाली. यात सांगण्यासारखं काही नाही, सावकाश चालणारं काम आहे. विहिरींचे आणि हातपंपांचे नमुने घेतले. नाल्याकाठच्या एका विहिरीचं पाणी चहासारखं झालं होतं. तिच्यावर पाटी लावून टँकर सुरू करायला सांगितलं. पोरांनी चुन्याच्या गोण्या आणल्या होत्या, तलावात ओतायला. त्या मी अडवल्या. कुजणाऱ्या पाण्यात अमोनिया असतो. चुन्याने पीएच एकदम चढला तर तोच अमोनिया माशांना मारक होतो, आणि जगलेली मरळही गेली असती. चुना मेलेले मासे पुरण्याच्या खड्ड्यात वापरला. तोही विहिरींपासून दूर, उंचावर.

दुपारी तीनला तलावाच्या मध्यावर डीओ लिटरला ४.८ मिलिग्रॅम आला. पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी तो आकडा पाहिला. मासळीसाठी ४ च्या वर लागतो, तो आहे. "सुधारणा दिसून आली, असं लिहा," म्हणाले. काटा आणून काठावरचे मासे तोलले होते, त्याचं वजन लिहून झालं होतं. पाचला सगळे निघणार होते.

ते काही वाईट हेतूने बोलत नव्हते, हे मला आजही वाटतं. पण तो आकडा खरा असूनही खोटा होता. दिवसा ऊन असतं, शेवाळ आणि पाणवनस्पती ऑक्सिजन सोडतात. दुपारी तलाव सगळ्यात चांगला असतो. रात्री त्याच वनस्पती ऑक्सिजन घेतात, तळातला मळ घेतो, जिवाणू घेतात, देणारं कोणी नसतं. उजाडायच्या आधी पाणी सगळ्यात वाईट असतं. मासे मरतात ते त्या वेळेला. आपण जातो ती वेळ कचेरीची असते. मी साहेबांना म्हटलं, पहाटेचं मोजल्याशिवाय मी सुधारणा लिहिणार नाही. प्रयोगशाळेला फोन केला, मुक्काम मंजूर करून घेतला. त्याचे पैसे कोण देणार, हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

काकांनी तेव्हाच दुसरी गोष्ट सांगितली. काट्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आज तोलले ते अर्धेच होत. मासोरी मेली का आधी बुडते. पोट फुगते तवा वर येते. परवा या, मंग दिसन."

साहेब थांबले. त्यांनी विचारलं, खरं का? मी हो म्हटलं, कुजून वायू तयार झाल्यावरच बुडालेला मासा तरंगतो. त्यांनी पंचनाम्यात एक ओळ वाढवली: दुसरी मोजणी तिसऱ्या दिवशी करण्यात येईल. ती ओळ मी डोळ्यांसमोर लिहून घेतली, कारण मी अशा ओळी नंतर गळताना पाहिल्या आहेत.

साहेब निघताना एक पोरगा बाटली घेऊन माझ्याकडे आला. थंड पेयाची दोन लिटरची, काळ्या पाण्याने भरलेली. रात्री दोनला, तळं फुटलं तेव्हा त्याने नाल्यातून भरली होती, आणि झाकणावर पेनाने वेळ लिहिली होती. मला वाईट वाटलं. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे सांडपाण्याचा नमुना कारखानदाराला नोटीस देऊन, त्याच्या समोर दोन भाग करून, सीलबंद करून घ्यावा लागतो, नाहीतर त्याचा निकाल न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. त्याच्या बाटलीवर ना सील होतं ना सही. मी त्याला हे सांगितलं आणि तरी बाटली बर्फात ठेवली. खटल्याला नाही तरी मला ती हवी होती. रात्री दोनला नाल्यात काय होतं, हे त्या गावात फक्त त्या बाटलीला माहीत होतं.

रात्री अंगणवाडीच्या ताईंच्या घरी जेवले, आणि साडेबाराला पारीवर येऊन बसले. काका आधीच होते. दोन इंजिनांचा आवाज, फवाऱ्याचं पाणी, मधेच एखादी मरळ. दर तासाला आम्ही छोट्या डोंग्यातून मध्यावर जायचो. काका वल्हवायचे, मी मीटर सोडायचे. दहाला, ताईंच्या घरी जायच्या आधी घेतलेला डीओ ३.१. एकला २.२. तीनला १.३. काका प्रत्येक वेळी विचारायचे, "किती?" मी सांगायची. ते काही बोलायचे नाहीत. साडेचारला मीटर ०.७ वर थांबला. विंकलरची बाटलीही केली. साका जवळजवळ पांढरा, किंचित पिवळसर.

इंजिनांच्या फवाऱ्याच्या जवळ मात्र २.४ होता, आणि तिथे जिवंत रोहू गोळा झाले होते. बॅटरी मारली तर पाठी दिसल्या, गर्दी केलेल्या, तोंडं वर. दुपारच्या आकड्यावर विश्वास ठेवून रात्री इंजिनं बंद केली असती तर ते सकाळी काठाला असते. काका उठून इंजिनाकडे गेले, डिझेल किती उरलं ते काडीने मोजलं आणि गावाकडे हाक मारून कोणाला तरी कॅन आणायला सांगितलं.

उजाडल्यावर मी तो तक्ता वेळेसकट साहेबांना पाठवला. त्यांनी इंजिनं आठ दिवस रात्रंदिवस चालवण्याचा आदेश काढला, आणि डीओ रोज पहाटे मोजायचा असं त्यात लिहिलं. मीटर मी गावातच ठेवला. तो पोरगा, बाटलीवाला, त्याला कॅलिब्रेशन, म्हणजे मीटर अचूक जुळवून घेणं, शिकवलं.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. तलावाच्या मधोमध, जिथे पहिल्या दिवशी काहीच दिसलं नव्हतं, तिथे मोठे कटला वर आले होते, दोन-दोन, तीन-तीन किलोचे. वास सहन होत नव्हता. बायका नाकाला पदर बांधून टोपल्या भरत होत्या. ढिवरांनी डोंगे लावले आणि दुपारपर्यंत काटा चालू राहिला. पहिल्या दिवसाच्या वजनाखाली दुसरं वजन लिहिलं गेलं, ते पहिल्यापेक्षा जास्त भरलं. साहेबांनी सही केली, काकांनी अंगठा उठवला, मी साक्षीदार म्हणून सही केली आणि तारखेपुढे वेळ लिहिली.

निघताना मी काठावर वाकून पाहिलं. दगडांवर झिंगे अजून होते, पण थोडेच.