एकच .एसओ असेल तरच सी++ स्टॅटिक करा

एनडीके (अँड्रॉइडचं सी/सी++ टूलकिट) वापरून अँड्रॉइडसाठी सी++ बिल्ड करताना एक प्रश्न आधी सोडवा: अ‍ॅपमध्ये सी++ वापरणाऱ्या शेअर्ड लायब्ररी (.एसओ फाइल) किती? तुमची एक, शिवाय कुठल्या एएआरमधून (तयार अँड्रॉइड लायब्ररीच्या पॅकेजमधून) आलेल्याही मोजा. उत्तर एक असेल तर सी++ ची स्टँडर्ड लायब्ररी, म्हणजे लिबसी++, स्टॅटिक (थेट .एसओच्या आत जोडलेली) उत्तम. दोन किंवा जास्त असतील आणि त्या एकमेकींशी सी++ मध्ये बोलत असतील, तर सगळ्यांना मिळून एकच शेअर्ड लिबसी++ हवी.

कारण असं. स्टॅटिक केलं की प्रत्येक .एसओमध्ये लिबसी++ ची स्वतंत्र प्रत बसते. एका प्रतीतून फेकलेलं एक्सेप्शन (एररचा सिग्नल) दुसरीतल्या कॅचला (तो पकडणाऱ्या कोडला) ओळखू येईलच असं नाही. टाइप इन्फो (टाइपची ओळख सांगणारी नोंद) दोनदा तयार झालेला असतो, आणि कॅच जुळला नाही की अ‍ॅप थेट अबॉर्ट होतं. डिबगरमध्ये टाइपचं नाव अक्षरशः तेच दिसतं, म्हणून हा बग शोधायला फार वेळ जातो.

बिल्डची साधनं दोन: सीमेकमध्ये डिफॉल्ट सी++ स्टॅटिकच आहे, एनडीके-बिल्डमध्ये मात्र काहीच निवडलेलं नसतं, तिथे एपीपी_एसटीएल (कुठली सी++ लायब्ररी ते सांगणारं सेटिंग) स्वतः लिहावं लागतं. २०१८ च्या एनडीके आर१८ पासून लिबसी++ सोडून दुसरा पर्याय उरलेला नाही. जुन्या ट्यूटोरियलमधलं जीएनयूएसटीएल (आधीची सी++ लायब्ररी) विसरा.

कार्गो (रस्टचं बिल्ड साधन) किंवा हाताने लिहिलेल्या मेकफाइलमधून लिंक करताना नेहमीची चूक म्हणजे फक्त सी++_स्टॅटिक देणं. मग 'सीएक्सए थ्रो सापडत नाही' अशा एररची रांग लागते, कारण एक्सेप्शनचा भाग सी++एबीआय या वेगळ्या अर्काइव्हमध्ये (स्टॅटिक लायब्ररीच्या .ए फाइलमध्ये) असतो. एनडीकेच्या सिसरूटमधली (हेडर आणि लायब्ररींच्या फोल्डरमधली) लिबसी++.ए फाइल एडिटरमध्ये उघडून बघा: ती खरी अर्काइव्ह नाही, या दोन्हींची नावं असलेली लिंकर स्क्रिप्ट (लिंकरसाठी सूचनांची मजकूर फाइल) आहे. म्हणून लिंक क्लँगने न करता क्लँग++ ने करा आणि स्टॅटिक-लिबएसटीडीसी++ हा फ्लॅग द्या, क्रम आपोआप बरोबर लागतो.

लिबसी (सी ची मूळ लायब्ररी) मात्र कधीही स्टॅटिक करू नका. .एसओ प्रोसेसमधल्या बायोनिकवरच (अँड्रॉइडच्या लिबसीवरच) चालते, त्या लिबसीची दुसरी प्रत आत घेणं म्हणजे संकट ओढवून घेणं.

स्टॅटिक केल्यावर सिम्बॉल (फंक्शन वगैरेंची बाहेर दिसणारी नावं) लपवणं हा कामाचाच भाग आहे. एसडीके विकणाऱ्यांनी तर हे टाळूच नये. व्हर्जन स्क्रिप्टमध्ये (कुठली नावं बाहेर दिसावीत ते लिंकरला सांगणाऱ्या फाइलमध्ये) ग्लोबल म्हणून फक्त जेएनआय_ऑनलोड आणि 'जावा_' ने सुरू होणारी नावं (जावाकडून बोलावली जाणारी फंक्शन), बाकी सगळं लोकल. जेएनआय_ऑनलोड राहून गेलं तर लायब्ररी बिनतक्रार लोड होते आणि रजिस्टर केलेली नेटिव्ह मेथड बोलावल्यावर अनसॅटिस्फाइड लिंक एरर येते.

मग तपासणी. एलएलव्हीएम-रीडएल्फने डायनॅमिक सेक्शन छापा: 'नीडेड'मध्ये (लागणाऱ्या लायब्ररींच्या यादीत) लिबसी, लिबएम, लिबडीएल, लिबलॉग चालतील, लिबसी++_शेअर्ड दिसता कामा नये. दिसली आणि एपीकेमध्ये नसेल, तर डीएलओपन (लायब्ररी लोड करणं) फेल ठरलेलं. नंतर एलएलव्हीएम-एनएमने डायनॅमिक सिम्बॉल काढून '__एनडीके१' शोधा. एनडीकेची लिबसी++ याच नेमस्पेसमध्ये असते, डिफाइन्ड यादीत ती दिसली तर झाकण नीट बसलेलं नाही.

शेअर्ड वापरताना ग्रेडल (अँड्रॉइडची बिल्ड सिस्टीम) लिबसी++_शेअर्डसाठी 'तीच फाइल दोनदा सापडली' म्हणून थांबला, तर पिकफर्स्ट ('पहिली सापडेल ती घे' ही सेटिंग) लावून मोकळं होऊ नका. दोन्ही प्रती वेगळ्या एनडीकेच्या असू शकतात, त्यातली नवीन आवृत्ती ठेवा.