दशम्या आणि गोधडीची सुई

मे २०२० मधली, कोरोनाच्या लॉकडाउनमधली गोष्ट. इंदूर रेड झोनमध्ये होतं. लोकमान्य नगरातल्या आमच्या गल्लीत सकाळी दूधवाला येऊन गेला की दिवसभर चिटपाखरू नसायचं. मुंबई-आग्रा रस्त्यावर मात्र गावी परत निघालेल्या माणसांची रीघ लागली होती. नाशिक, धुळे, सेंधवा करत लोक पायी इथवर यायचे आणि बायपासवरून देवासच्या दिशेनं पुढे निघायचे. कुणाला कानपूर गाठायचं होतं, तर कुणाला थेट बिहार.

शेजारच्या मुलाकडे बाहेर पडायचा पास होता. संध्याकाळी तो मांगलियाच्या बाजूला जेवणाची पाकिटं घेऊन जायचा. मीही पोळी-भाजी दिली. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "काकू, भाजी आंबली हो. लोक अर्धं खातात, अर्धं पुढच्यासाठी बांधून ठेवतात." मला फार वाईट वाटलं.

सासूबाई पलंगावरूनच म्हणाल्या, "अगं, वाटेला लागलेल्याला दशमी द्यावी."

त्यांचं माहेर देवासचं. बैलगाडीच्या प्रवासाला त्यांची आई दशम्याच बांधून द्यायची. कणकेत तेलाचं मोहन, मीठ, आणि भिजवायची फक्त दुधात. पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. मंद आचेवर खरपूस भाजायची. त्यानंतरचं काम सगळ्यात महत्त्वाचं: सुती कापडावर एकेक सुटी पसरून पूर्ण गार करायची. वाफ धरली की दशमी खराब झालीच. मी घाईनं एकीवर एक रचायला लागले की त्या पलंगावरून ओरडायच्या.

समोरच्या दोघींनी आपल्या वाटचं अर्धं अर्धं लिटर दूध पाठवायला सुरुवात केली. रोज साठ दशम्या व्हायच्या. एका पुडक्यात चार दशम्या आणि लसणाची कोरडी चटणी. लहान मुलांना चटणी तिखट लागते असं कळल्यावर गुळाचा खडाही ठेवायला लागले. दुरून जे सुचत नाही ते अशा निरोपांतून कळायचं. म्हणून तो परत आला की मी रोज विचारायची, आज कुणी काय मागितलं?

एकदा तो म्हणाला, "एका बाईनं सुई-दोरा मागितला. चपलेचा अंगठा तुटला होता."

माझ्याकडे गोधडीच्या जाड सुया होत्या, सासूबाईंनी जपून ठेवलेल्या. दोरा दुहेरी करून त्याला मेण चोळलं, सुईत ओवला आणि पुठ्ठ्याच्या तुकड्याला गुंडाळला. अशा अकरा सुया गेल्या. त्यातली एक त्या बाईला मिळाली का, ते नाही कळलं. ती तोवर पुढे गेली असणार.

पावसाळ्यात सासूबाईंची गोधडी उसवली. डबा उघडला तर आत एकही जाड सुई नव्हती. त्या म्हणाल्या, "राहू दे. साध्या सुईनं घाल टाके."